१.५० नॅनोमीटरची रेघ: एका डच यंत्राच्या परवान्याचं प्रकरण

३० जून २०२३ रोजी नेदरलँड्स सरकारने चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या निर्यातीचा नवा नियम प्रसिद्ध केला. लिथोग्राफी, म्हणजे प्रकाशाने चिपची नक्षी छापणाऱ्या यंत्रांबद्दलच्या कलमात एक आकडा होता, १.५० नॅनोमीटर. अचूकतेचा एक ठरावीक आकडा इतका किंवा याहून कमी असलेलं यंत्र युरोपीय संघाबाहेर पाठवायचं असेल, तर १ सप्टेंबरपासून परवाना लागणार होता. नियमात चीनचं नाव नव्हतं, कुठल्या कंपनीचंही नव्हतं. त्याची गरजही नव्हती. नेदरलँड्समध्ये अशी यंत्रं बनवणारी कंपनी एकच, फेल्डहोफन गावची एएसएमएल. आणि अडवायचं कोणाला होतं, हे जानेवारीपासून सगळ्यांना ठाऊक होतं.

आकडा कुठून आला हे शोधायला फार लांब जावं लागत नाही. एएसएमएलच्या माहितीपत्रकात एनएक्सटी:१९८०डीआय या यंत्राची ही अचूकता १.६ नॅनोमीटर दिली आहे आणि त्यानंतर आलेल्या एनएक्सटी:२०००आयची १.४. सरकारी रेघ बरोबर या दोघांच्या मधून गेली. दोन्ही यंत्रं तासाला २७५ वेफर, म्हणजे चिप्स ज्यांवर बनतात त्या सिलिकॉनच्या चकत्या, छापतात, दोघांची भिंगं एकाच जातीची, प्रकाश एकाच तरंगलांबीचा. २०००आयला कुलूप लागलं, १९८० मोकळं राहिलं.

पुढच्या सव्वा वर्षात या मोकळ्या राहिलेल्या यंत्राचं जे झालं, तेच हे प्रकरण. निर्यात नियंत्रणांवर एरवी 'तंत्रज्ञान युद्ध' या मथळ्याखाली पुष्कळ लिहिलं जातं आणि त्यात यंत्र कुठेच दिसत नाही. इथे ते आधी पाहू.

यंत्र आणि आकडा

१९८० हे 'इमर्शन' प्रकारचं स्कॅनर आहे. १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश वापरून ते वेफरवर नक्षी छापतं. शेवटचं भिंग आणि वेफर यांच्यात पाण्याचा पातळ थर असतो, त्यामुळे हवेतून साधणार नाही इतकी बारीक रेघ उमटते. तरी त्याला मर्यादा आहे. एका छपाईत जेमतेम ३८ नॅनोमीटरच्या आसपासच्या रेघा निघतात. त्याहून बारीक हवं असेल तर दोन वाटा. पहिली ईयूव्ही, म्हणजे १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश वापरणारं वेगळंच यंत्र. दुसरी वाट कष्टाची आहे: एकच थर दोन, तीन किंवा चार फेऱ्यांत तुकड्यातुकड्याने छापायचा.

या दुसऱ्या वाटेवर सगळं घोडं अडतं ते जुळणीवर. रंगीत छपाईत एक रंग केसभर सरकला तर चित्र दुहेरी दिसतं. इथे केसाच्या काही हजाराव्या हिश्श्याने सरकलं तरी तारा एकमेकींना चिकटतात आणि चिप वाया जाते. ही जुळणी किती नेमकी बसते, त्याचा आकडा म्हणजे 'ओव्हरले'.

डच नियमातला १.५० हा ओव्हरलेचाच आकडा आहे, पण एका खास प्रकारचा. या यंत्रांत वेफर धरणारी दोन टेबलं असतात. एकावर छपाई चालू असताना दुसऱ्यावरच्या वेफरचं मोजमाप होतं. वेफर पुढच्या थरासाठी त्याच यंत्रात, त्याच टेबलावर परत आला तर जुळणी सगळ्यात चांगली बसते. नियमाने मोजला तो हा सगळ्यात चांगला आकडा. प्रत्यक्ष फॅबमध्ये, म्हणजे चिपच्या कारखान्यात, एका रांगेत अनेक स्कॅनर असतात, वेफर मिळेल त्या यंत्रावर जातो आणि जुळणी नियमातल्या आकड्यापेक्षा ढिली पडते. उलट बाजूने, अनुभवी अभियंते मोजमाप आणि दुरुस्तीच्या जोरावर ती बरीच घट्टही करून आणतात. म्हणजे कायद्यातला आकडा यंत्राचा आहे. चिप किती बारीक होईल हे मात्र यंत्र आणि ते चालवणारी माणसं मिळून ठरवतात.

नियम लिहिणाऱ्याची अडचणही समजून घ्यायला हवी. त्याला असा आकडा हवा असतो जो कागदावर लिहिता येतो, सीमाशुल्क खात्याला तपासता येतो आणि कोर्टात टिकतो. 'प्रगत चिप बनवू शकेल असं यंत्र' असं लिहिलं तर वकिलांची चंगळ. त्या दृष्टीने १.५० हा लिहायला उत्तम आकडा होता. राखायला मात्र वाईट. कारण रेघेच्या या बाजूला राहिलेल्या यंत्रानेही '७ नॅनोमीटर' या नावाच्या चिपपिढीपर्यंत मजल मारता येते, हे गुपित नव्हतंच. तैवानच्या टीएसएमसीने २०१८ मध्ये ७ नॅनोमीटरच्या चिप्सचं उत्पादन सुरू केलं, तेव्हा त्यात ईयूव्ही नव्हतं.

रेघ इथवर कशी आली

सुरुवात ईयूव्हीपासून झाली. २०१८ मध्ये चीनच्या एसएमआयसी या कंपनीने एएसएमएलकडे एका ईयूव्ही यंत्राची मागणी नोंदवली. डच सरकारने परवाना दिलाही. मग वॉशिंग्टनहून दबाव सुरू झाला. जुलै २०१९ मध्ये पंतप्रधान मार्क रुट व्हाइट हाउसला गेले तेव्हाही हा विषय त्यांच्यापुढे ठेवला गेला. तोवर परवान्याची मुदत संपली होती आणि तो पुन्हा दिला गेला नाही. बंदी जाहीर झाली नाही, नकार कळवला नाही, कागद नुसता पडून राहिला. आजवर एकही ईयूव्ही यंत्र एएसएमएलने चीनला पाठवलेलं नाही.

अमेरिकेला असं मागच्या दाराने का यावं लागलं? शीतयुद्धाच्या काळात 'कोकॉम' ही समिती होती. सोव्हिएत गटाला काय विकायचं नाही हे तिथे ठरे आणि एका सदस्याचा विरोधही विक्री रोखायला पुरे. ती १९९४ मध्ये गुंडाळली गेली. तिच्या जागी १९९६ मध्ये वासेनार व्यवस्था आली, तिचं नाव योगायोगाने, डच सरकार जिथून चालतं त्या हेगजवळच्या एका गावाचंच. तिथे यादी एकमताने होते, परवाना मात्र ज्याचा त्याने आपल्या कायद्याने द्यायचा. दुसऱ्याच्या विक्रीवर नकाराधिकार नाही. शिवाय रशियाही तिचा सदस्य, म्हणजे एकमत होणार किती? राहिल्या दोन वाटा. मित्रराष्ट्राचं मन वळवायचं, नाहीतर त्याच्या यंत्रातल्या अमेरिकी भागांवर बोट ठेवायचं. एएसएमएलचे प्रकाशस्रोत सॅन दिएगोच्या सायमरचे. ही कंपनी एएसएमएलने २०१३ मध्ये विकतही घेतली. त्यामुळे बोट ठेवायला जागा होती. या प्रकरणात दोन्ही वाटा वापरल्या गेल्या, आणि त्यांच्यातला फरक पुढे महत्त्वाचा ठरला.

७ ऑक्टोबर २०२२ रोजी अमेरिकेने मोठा नियम आणला. १६/१४ नॅनोमीटर आणि त्याहून प्रगत लॉजिक चिप्स, १८ नॅनोमीटर आणि त्याहून बारीक डीरॅम मेमरी, १२८ थर किंवा त्याहून जास्त थरांची नँड मेमरी: हे बनवणाऱ्या चिनी फॅबना अमेरिकी यंत्रं नाहीत, आणि अमेरिकी नागरिकांनी तिथे मदतही करायची नाही. एएसएमएलने आपल्या अमेरिकी कर्मचाऱ्यांना चिनी ग्राहकांची सेवा तूर्त थांबवायला सांगितलं. लॅम रिसर्च या अमेरिकी यंत्रकंपनीने २०२३ च्या महसुलात २ ते २.५ अब्ज डॉलरची घट होईल असा अंदाज दिला.

अमेरिकी कंपन्यांची तक्रार इथूनच सुरू झाली, आणि ती रास्त होती. आमचे हात बांधले, पण जपानची टोकियो इलेक्ट्रॉन आणि एएसएमएल विकतच राहणार. चीनचं काही अडणार नाही, फक्त धंदा आमच्याकडून त्यांच्याकडे जाईल. एकट्याने घातलेलं निर्यात नियंत्रण परदेशी स्पर्धकाला फुकटात ग्राहक मिळवून देतं. म्हणून जानेवारी २०२३ मध्ये वॉशिंग्टनमध्ये तिघांची, म्हणजे अमेरिका, नेदरलँड्स आणि जपान यांची समजूत झाली. जपानने २३ प्रकारची यंत्रं यादीत घातली, अंमल २३ जुलैपासून. जपानला सोबत घेण्याचं कारण साधं होतं. जगात इमर्शन स्कॅनर बनवणारी दुसरी कंपनी एकच, निकॉन. ती मोकळी राहिली असती तर डच नियमाचा अर्थ एवढाच उरला असता की मागणीपत्रांवरचा पत्ता बदलला.

आगाऊ कळलेली तारीख

जानेवारीत समजूत. ८ मार्चला डच व्यापारमंत्री लीस्ये स्क्राइनेमाखर यांचं संसदेला पत्र. ३० जूनला नियम. १ सप्टेंबरला अंमल. त्याच्यापुढेही वर्षअखेरपर्यंत मिळालेल्या परवान्यांवर माल पाठवायची मुभा. कुलूप लागणार हे कळल्यापासून ते लागेपर्यंत चिनी फॅबना जवळपास अकरा महिने मिळाले.

त्यांनी ते वाया घालवले नाहीत. २०२२ मध्ये एएसएमएलच्या यंत्रविक्रीत चीनचा वाटा १४ टक्के होता. २०२३ च्या तिसऱ्या तिमाहीत तो ४६ टक्क्यांवर गेला आणि २०२४ च्या पहिल्या तिमाहीत ४९ वर. कंपनीने २०२२ मध्ये सगळ्या जगात ८१ इमर्शन यंत्रं विकली होती, २०२३ मध्ये १२५.

ही सगळी साठेबाजी म्हणता येणार नाही. एएसएमएलचं स्पष्टीकरण असं की आधीची दोन वर्षं मागणी इतकी होती की चिनी ग्राहकांना मागितलेल्यापैकी निम्मी यंत्रंही मिळत नव्हती. २०२३ मध्ये इतर देशांतल्या चिप कंपन्यांनी मंदीमुळे हात आखडता घेतला, आणि रांगेत थांबलेल्या चिन्यांचा नंबर लागला. हे खरं आहे. पण बंदीची तारीख माहीत असताना रांग सोडून जाणारा ग्राहक कुठे सापडतो? इतरांनी यंत्रं पुढे ढकलली तेव्हा चीनने हात आखडला नाही, यात त्या तारखेचा हात आहेच. माझ्या मते त्या वर्षी एएसएमएलचा सगळ्यात कर्तबगार विक्रेता हेगच्या मंत्रालयात बसला होता.

१ जानेवारी २०२४ ला कंपनीने एक छोटं निवेदन काढलं: एनएक्सटी:२०५०आय आणि २१००आय यांच्या निर्यातीचा एक परवाना सरकारने अंशतः मागे घेतला आहे, परिणाम चीनमधल्या मोजक्या ग्राहकांवर. मुदतीच्या शेवटच्या घटकेलाही ओढाताण चालू होती, हे यातून कळतं.

मोकळं राहिलेलं यंत्र

डच नियम लागू व्हायला तीन दिवस असताना, २९ ऑगस्ट २०२३ रोजी, चीनच्या हुआवेने मेट ६० प्रो हा फोन काहीही गाजावाजा न करता विक्रीला काढला. अमेरिकेच्या वाणिज्यमंत्री जीना रायमोंडो त्याच दिवसांत चीनमध्ये होत्या. टेकइनसाइट्स या कॅनडातल्या कंपनीने फोन उघडून आतली किरिन ९०००एस चिप तपासली. एसएमआयसीच्या ७ नॅनोमीटर प्रक्रियेची दुसरी आवृत्ती, असा निष्कर्ष निघाला. ईयूव्ही चीनमध्ये नाही, म्हणजे ही चिप इमर्शन यंत्रावर फेऱ्या मारमारूनच निघाली असणार. खर्च जास्त आणि खराब निघणाऱ्या चिप्सचं प्रमाणही जास्त असणार. पण ज्याला दुसरीकडे चिप मिळतच नाही, त्याच्यासाठी महाग म्हणजे किती महाग?

१७ ऑक्टोबरला अमेरिकेने आपला नियम सुधारला. आता १.५० च्या वर २.४० पर्यंतचा पट्टाही आत आला, म्हणजे १९८० आणि त्याच्याआधीचं १९७० दोन्ही. परदेशी यंत्रात अमेरिकी भाग किती टक्के, याची सूटही या यंत्रांपुरती शून्यावर आणली. एक जरी अमेरिकी भाग असला तरी वॉशिंग्टनचा परवाना. मात्र ही अडवणूक सरसकट नव्हती. यंत्र प्रगत चिप्सच्या चिनी फॅबकडे जाणार असेल तरच अडवायचं, जुन्या पिढीच्या फॅबला ते मोकळंच.

इथे प्रकरणाचा स्वभावच बदलला. २०२३ च्या उन्हाळ्यातली रेघ यंत्रावर होती, आता ती यंत्राच्या वापरावर आली. फेल्डहोफनहून निघणारी दोन १९८० यंत्रं स्क्रूपर्यंत सारखी, एकाला परवानगी, दुसऱ्याला नाही, आणि फरक फक्त डब्यावरच्या पत्त्याचा. पहिल्या प्रकारची रेघ राखायला माहितीपत्रक पुरतं. दुसऱ्या प्रकारची राखायची तर त्या फॅबमध्ये पुढच्या पाच वर्षांत काय छापलं जातंय हे कळायला हवं. २८ नॅनोमीटरसाठी घेतलेलं यंत्र ७ साठी वापरता येत नाही असं काही त्या यंत्रात नाही.

दुसरी अडचण सार्वभौमत्वाची. डच कंपनीने डच जमिनीवर बनवलेल्या यंत्राचा परवाना आता परदेशी खात्याकडे मागायचा होता, कारण आत एक अमेरिकी भाग आहे. डच संसदेत यावरून प्रश्न विचारले गेले. ६ सप्टेंबर २०२४ रोजी नव्या मंत्री रायनेट क्लेव्हर यांनी जाहीर केलं की १९७० आणि १९८० साठीही आता डच परवाना लागेल, दुसऱ्याच दिवसापासून. या वेळी अकरा महिने नाहीत, एक रात्र. आधीच्या मुदतीचा धडा कोणीतरी घेतला होता.

एएसएमएलने याला तांत्रिक बदल म्हटलं आणि कमाईवर परिणाम होणार नाही असं सांगितलं. बरोबरच होतं. चीनला जाणारी यंत्रं कमी-जास्त झाली नाहीत, परवान्यावर सही करणारा बदलला. बातम्यांमध्ये हे 'डच सरकारने बंधनं आणखी कडक केली' असं आलं. मी याला उलट वाचतो, हेगने आपला शिक्का परत मिळवला. याचा फायदा तीनच महिन्यांत दिसला. २ डिसेंबरला अमेरिकेने आणखी १४० संस्था काळ्या यादीत टाकल्या आणि परदेशी यंत्रांपर्यंत हात पोहोचवणारा नवा नियम आणला. स्वतःची तोडीस तोड नियंत्रणं असलेल्या देशांना त्यातून वगळलं होतं, आणि त्यांत नेदरलँड्स आणि जपान होते.

स्पर्धा कुठे सरकली

आता मूळ प्रश्न. या सगळ्यात कोणाचा धंदा कोणाकडे गेला?

लिथोग्राफीत जवळपास कोणाकडेच नाही. सप्टेंबर २०२४ च्या डच घोषणेच्या त्याच दिवसांत चीनच्या उद्योग मंत्रालयाने देशी बनावटीच्या महत्त्वाच्या यंत्रांची यादी प्रसिद्ध केली. तिच्यात १९३ नॅनोमीटरचं एक लिथोग्राफी यंत्र होतं: रेघेची बारीकी ६५ नॅनोमीटर किंवा कमी, ओव्हरले ८ नॅनोमीटर किंवा कमी. ही मापं आणि १९८० चं १.६ शेजारी ठेवली की अंतर कळतं. फेऱ्या मारून बारीक चिप काढण्याचा मार्ग ८ वर बंदच असतो. तेव्हा ज्या यंत्राभोवती सगळ्यात मोठा गदारोळ झाला, तिथे एएसएमएलचं नजीकच्या काळात फारसं काही गेलं नाही.

झळ लागली ती शेजारच्या खोल्यांत. वेफर कोरणं, त्यावर पातळ थर चढवणं, धुणं या कामांची यंत्रं बनवणाऱ्या कंपन्या चीनमध्ये आधीपासून होत्या: नौरा, एएमईसी, पायोटेक. त्यांना अडवत होता तो त्यांचाच ग्राहक. चालू उत्पादनरेषेत नवं, न पारखलेलं यंत्र घालणं म्हणजे महिनोन् महिने चाचण्या आणि त्या काळात खराब निघणारे वेफर. अप्लाइड मटेरिअल्स किंवा लॅम या अमेरिकी कंपन्यांचं यंत्र तयार मिळत असताना कुठला फॅब व्यवस्थापक हा धोका पत्करेल? ऑक्टोबर २०२२ नंतर त्याचं गणित उलटलं. परदेशी यंत्राचा सुटा भाग उद्या मिळेल की नाही हाच मोठा धोका झाला, आणि देशी यंत्राला उत्पादनरेषेचं दार उघडलं. नौराचा महसूल २०२२ मध्ये सुमारे १४.७ अब्ज युआन होता, २०२४ मध्ये २९.८ अब्ज. एएमईसीचाही याच काळात जवळपास दुप्पट झाला.

पण मग अमेरिकी आणि जपानी कंपन्या बुडायला हव्या होत्या. तसं झालं नाही. २०२४ च्या सुरुवातीला अप्लाइड, लॅम आणि टोकियो इलेक्ट्रॉन या तिघांच्याही विक्रीत चीनचा वाटा ४० टक्क्यांच्या वर होता. कारण बाजारच फुगला. सेमी या उद्योगसंघटनेच्या आकडेवारीनुसार चीनमध्ये चिपयंत्रांवरचा खर्च २०२३ मध्ये ३६.६ अब्ज डॉलर होता, २०२४ मध्ये सुमारे ४९.६ अब्ज, म्हणजे सगळ्या जगाच्या ११७ अब्जातला चाळीस टक्क्यांहून जास्त भाग. प्रगत फॅबची दारं बंद झाल्यावर तो पैसा जुन्या पिढीच्या फॅबमध्ये गेला आणि तिथे विकायला सगळ्यांनाच मुभा होती. देशी आणि परदेशी दोघेही एकाच वेळी वाढले. ही खरेदी ओसरते तेव्हा देशी कंपन्यांकडे गेलेली जागा परत मिळत नाही, आणि कमी पडतं ते परदेशी कंपनीला.

ओसरण्याची पहिली खूण ऑक्टोबर २०२४ मध्ये दिसली. एएसएमएलचे तिमाही आकडे चुकून एक दिवस आधीच संकेतस्थळावर झळकले. २०२५ च्या विक्रीचा अंदाज ३० ते ३५ अब्ज युरोवर आणला होता, आणि चीनचा वाटा २० टक्क्यांच्या आसपास येईल असं कंपनीने सांगितलं. शेअर एका दिवसात सुमारे १६ टक्के पडला. दोष एकट्या चीनचा नव्हता, इतर चिप कंपन्यांनीही नव्या फॅब लांबणीवर टाकल्या होत्या.

तेव्हा नियंत्रणाचा चटका यंत्र किती प्रगत यावर ठरत नाही, त्याच्या जागी दुसरं कोण उभं राहू शकतं यावर ठरतो. सगळ्यात प्रगत यंत्र विकणाऱ्या डच कंपनीला तो सगळ्यात कमी बसला. पर्याय उपलब्ध असलेल्या मधल्या यंत्रांच्या अमेरिकी कंपन्यांना तो हळूहळू बसतो आहे, आणि नियमाचा आग्रह मुळात त्यांच्याच सरकारचा होता. चीननेही डच नियमानंतर तीनच दिवसांनी गॅलियम आणि जर्मेनियमच्या निर्यातीवर परवाना लावत असल्याचं जाहीर केलं. त्याची कथा मोठी आहे, पण ती या यंत्राची नाही.

या यंत्राचं उरलेलं काम आता दुरुस्तीच्या टेबलावर आहे. चीनमध्ये पोहोचलेली १९८० आणि २०००आय परत येणार नाहीत. मात्र त्यांना सुटे भाग, सॉफ्टवेअर आणि एएसएमएलचे अभियंते लागत राहणार, आणि त्यांच्याशिवाय ओव्हरलेचा आकडा हळूहळू वाढत, म्हणजे बिघडत जातो. विक्री रोखण्यापेक्षा हा लगाम जास्त घट्ट आहे, पण तो ओढला की ग्राहक कायमचा दुरावतो. म्हणून हेगने तो आजवर जपून वापरला आहे. १ एप्रिल २०२५ पासून डच यादीत मापन आणि तपासणीची काही यंत्रं घातली गेली, म्हणजे छापलेला थर कुठे आणि किती सरकला आहे हे सांगणाऱ्या कामातली. एएसएमएलने या वेळीही, आधी सांगितलं त्यापलीकडे कमाईवर परिणाम होणार नाही, असं कळवलं.